बडोद्याची बँक, कंपालाचे खाते

बडोद्यात तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत बँक ऑफ बडोदा ही अजूनही महाराजांची बँक असते. २० जुलै १९०८ ही तिच्या स्थापनेची तारीखही पुष्कळांना पाठ असते. ती का काढावी लागली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

चार्टर्ड बँकेसारख्या विलायती बँका तोवर मुंबईत पन्नास वर्षे मुरल्या होत्या. त्यांचे काम परदेशी व्यापाराचे. कापूस बाहेर जाई, कापड आत येई, आणि त्या मालावर त्या पैसा पुरवीत. बंदरापासून आत, पेटलादच्या दुकानदाराशी किंवा बडोद्याच्या कारकुनाशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना सावकार होता. सावकारी हा आमच्या जैन समाजातही जुना धंदा, म्हणून जपून बोलतो. सावकार अडल्या वेळी रात्रीही दार उघडी, कागद कमी मागे. व्याज मात्र त्याच्या मर्जीचे.

यावर बडोद्यातले पहिले उत्तर राजवाड्यातून आले नाही. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. आपली शिल्लक एकत्र करायची आणि आपल्यातल्याच गरजूला कर्ज द्यायचे. सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी! सयाजीरावांचे पुतळे आपण पाहतो. कवठेकरांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, हे मला खटकते.

महाराजांची बँक मोठ्या भांडवलाची. संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास, शिवाय राल्फ व्हाइटनॅक हे अमेरिकन गृहस्थ, अशी मंडळी तिच्यामागे होती. १९१३ पासून देशी बँका धडाधड बुडाल्या. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. बडोद्याची तगली.

पुढची गोष्ट आपण विसरतो. १९५३ साली हीच बँक मोंबासा आणि कंपाला येथे गेली. गुजरातेतून गेलेले व्यापारी तिथे होतेच. बँक त्यांच्यामागून गेली. म्हणजे मुंबईत विलायती बँकांचे जे स्थान होते, त्याच्या जवळपास जाणारे युगांडात आपले झाले. तिथल्या आफ्रिकी लोकांना कर्ज मिळावे म्हणून १९५० सालीच 'युगांडा क्रेडिट अँड सेव्हिंग्ज बँक' काढावी लागली होती. टांझानियाने १९६७ साली बँक ऑफ बडोदाच्या तिथल्या शाखा सरकारजमा केल्या, तेव्हा आपल्याकडे तो अन्याय वाटला असेल. दोनच वर्षांनी, १९ जुलै १९६९ ला, भारत सरकारने हीच बँक राष्ट्रीयीकृत केली. त्या वेळी भारतातल्या परदेशी बँकांना हात लागला नाही, हाही एक इतिहासाचा विनोद.

माझ्या दवाखान्यात एक वृद्ध गृहस्थ येत. १९७२ साली इदी अमीनने घालवलेल्यांपैकी ते. कंपालाच्या त्या शाखेत त्यांच्या दुकानाचे खाते होते. काउंटरवर गुजराती चाले, असे ते अभिमानाने सांगत. एकदा मी विचारले, "तुमच्या दुकानातल्या आफ्रिकी नोकराचे खाते कुठे होते?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो पगारातले पैसे माझ्याकडेच ठेवायचा. मी वहीत लिहायचो. निघताना वही तिथेच राहिली."