पारा गाळणाऱ्या जिवाणूंचं कूळ

कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा जिवाणूंकरवी काढून घेण्याची विद्या आली कुठून? नेहमी सांगतात ती गोष्ट अशी : 1956 मध्ये जपानमधल्या मिनामाताची विषबाधा उघडकीस आली, संशोधक हादरले आणि पुढे दूषित मातीत पाऱ्याला न जुमानणारे जिवाणू सापडले. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. या विद्येची दुसरी आणि माझ्या मते थोरली शाखा निघते ती इस्पितळातून, तीही पेनिसिलिनच्या संशोधनातून.

1964 मध्ये रिचमंड आणि जॉन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये पेनिसिलिन निकामी करण्याचा गुण आणि पाऱ्याचे क्षार सोसण्याचा गुण जोडीनं एका जंतूतून दुसऱ्यात जातात. पेनिसिलिनचा आणि पाऱ्याचा काय संबंध? संबंध इस्पितळाचा. तिथे जंतुनाशकं पाऱ्याची होती. आपल्याकडे घराघरांत खरचटलेल्या गुडघ्याला लावायचं ते लाल मर्क्युरोक्रोमही पाऱ्याचंच. मग 1972 मध्ये अ‍ॅन समर्स आणि सायमन सिल्व्हर यांनी ई. कोलायच्या एका वाणात पाहिलं, की हा जंतू पारा नुसता सोसत नाही, विरघळलेल्या पाऱ्याचं धातूरूप पाऱ्यात रूपांतर करतो. सांडपाणी शुद्ध करण्याची सगळी युक्ती इथेच आहे.

आणि ती युक्ती विलक्षण आहे. कॅडमियम किंवा जस्त अंगावर आलं, की बरेच जिवाणू ते पेशीबाहेर ढकलतात. इथे उलट! पेशीच्या वेशीवरचं एक प्रथिन पाऱ्याचा आयन पकडतं, दुसरं त्याला आत घेतं आणि ‘मर-ए’ नावाचं विकर त्याला इलेक्ट्रॉन देऊन साधा धातू करून सोडतं. तो पेशीत टिकत नाही, बाहेर निसटतो.

या प्रथिनांची जनुकं मुळात कुणी घडवली, यावर मात्र वाद आहे. जंतुनाशकांनी घडवली, असं सहज वाटतं. दुसरा पक्ष दातांतल्या चांदीकडे, म्हणजे पारामिश्रित भरावाकडे बोट दाखवतो. समर्स यांच्याच गटानं 1993 मध्ये माकडांच्या दातांत असा भराव घातला, तेव्हा त्यांच्या तोंडातले आणि आतड्यातले पारारोधक जंतू वाढले. प्रयोग मला मोलाचा वाटतो, पण त्यातून कळतो तो प्रसार. जन्म कळत नाही. जन्माचा पुरावा बर्फात मिळाला. 1950च्या दशकात जपानमधल्या हगवणीच्या जंतूत एक प्लाझ्मिड, म्हणजे एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं सुटं कडं, सापडलं होतं. त्यावरच्या ‘टीएन-21’ या फिरत्या जनुकसंचात पारा आणि प्रतिजैविकं यांचे प्रतिकार शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्याच्या पूर्वजाचा सर्वांत जवळचा नातलग 2003 मध्ये सायबेरियाच्या हजारो वर्षं गोठलेल्या मातीत मिळाला. त्यात पाऱ्याची जनुकं होती, प्रतिजैविकांची नव्हती. 2012 मध्ये बॉइड आणि बार्के यांनी तर ‘मर-ए’ची वंशावळ ज्वालामुखी प्रदेशातल्या गरम पाण्यापर्यंत नेली. तिथे जमिनीतून पारा मुळातच वर येतो.

म्हणून माझं ठाम मत असं : हे कूळ उष्णोदकाचं. कारखाना आणि इस्पितळ दोन्ही त्याची नंतरची बिऱ्हाडं. झऱ्यापासून वॉर्डापर्यंतचा प्रवास माती-पाण्यात सगळीकडे वावरणाऱ्या स्यूडोमोनासनं घडवला असावा, असा माझा अंदाज. सायबेरियातला तो नातलगही स्यूडोमोनासमध्येच होता.

पुढचे टप्पे माहितीचे आहेत. जर्मनीत वाग्नर-ड्योब्लर यांच्या गटानं क्लोर-अल्कली कारखान्याचं सांडपाणी नैसर्गिक पारारोधक जिवाणूंच्या थरातून सोडलं. पारा हवेत न जाता थरातच थेंब होऊन अडकला. 2000 मध्ये त्याचं मोठ्या प्रमाणावरचं काम छापून आलं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही भारतीय किनाऱ्यावरचे असे जिवाणू तपासले आहेत.

कुळाचा विचार इथे कामाला येतो. टीएन-21 असलेला जंतू पाऱ्याच्या पाण्यात तगला, की शेजारची प्रतिजैविक-रोधक जनुकंही त्याच्याबरोबर तगतात, भले त्या पाण्यात औषधाचा थेंब नसो. तेव्हा संयंत्रासाठी वाण निवडताना तो पारा किती गाळतो एवढंच पाहून भागणार नाही. त्याच्या पाऱ्याच्या जनुकांशेजारी कोण बसलंय, तेही आधी तपासायला हवं.