वेंगुर्ल्याच्या खडकांवरील पाकोळ्या

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटे आहेत. तेथील पक्ष्यांची नोंद ॲलन ह्यूम यांनी १८७० च्या दशकातच केली होती.

या बेटांवरील गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात. चिनी सूपसाठी या घरट्यांना मोठी किंमत मिळते. म्हणूनच तस्करांनी ती ओरबाडली. घरट्याबरोबर अंडी आणि पिल्लेही गेली.

या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हा व्यापार उजेडात आणला. आज हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

परंतु निर्जन बेटावर कायदा आपणहून पोहोचत नाही. त्याला तेथवर नेते स्वयंसेवकांची होडी. आणि त्या होडीला इंधन समाजानेच पुरवावे लागते.