बंद पाठीच्या सुवाह्य हेडफोनची जडणघडण : तुलना आणि फेरफार यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ध्वनितंत्राच्या इतिहासात ग्रामोफोन, रेडिओ आणि लाऊडस्पीकर यांना मानाचे स्थान मिळाले. हेडफोनचा उल्लेख मात्र बहुधा रेडिओचा किंवा टेपरेकॉर्डरचा एक सुटा भाग म्हणूनच होतो. वास्तविक, सार्वजनिक ध्वनी खाजगी करणारे हे साधन विसाव्या शतकातील श्रवणसंस्कृतीत मोठा बदल घडवून गेले. हेडफोनचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. ज्याच्या वाटीची बाहेरची बाजू जाळीदार असते तो उघड्या पाठीचा, आणि जिची ती बाजू पूर्णपणे अथवा जवळजवळ बंद असते तो बंद पाठीचा. बंद पाठीमुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आतील आवाज शेजाऱ्यास ऐकू जात नाही. म्हणून प्रवास, ध्वनिमुद्रण, प्रक्षेपण व अध्यापन या क्षेत्रांत हाच प्रकार अधिक उपयोगी ठरला. परंतु लहान, हलक्या आणि बंद वाटीतून स्वच्छ ध्वनी मिळविणे हे तांत्रिकदृष्ट्या कठीण काम आहे. या अडचणीवर उत्पादकांनी आणि वापरणाऱ्यांनी कशी मात केली, आणि एक हेडफोन दुसऱ्यापेक्षा चांगला हे ठरविण्याची कसोटी कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्वयंपाकघरातील आरंभ

आधुनिक हेडफोनचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनिएल बाल्डविन या संशोधकापासून मानला जातो. इ. स. १९१० मध्ये त्याने आपल्या स्वयंपाकघरात हाताने तयार केलेला जोड अमेरिकन नौदलाकडे चाचणीसाठी पाठविला. बिनतारी संदेश ऐकण्यासाठी त्या काळी वापरात असलेल्या साधनांपेक्षा तो अधिक संवेदनक्षम ठरला आणि नौदलाने मागणी नोंदविली. डोक्यावर बसणारी पट्टी हा या साधनाचा महत्त्वाचा भाग होता. चामड्याने मढविलेल्या, मागेपुढे सरकविता येणाऱ्या दोन दांड्यांची ती रचना निरनिराळ्या आकारांच्या डोक्यांवर बसू शकत असे. कानावर ग्राहक नीट बसला तरच क्षीण संदेश ऐकू येतो, ही जाणीव त्यामागे होती. हेडफोनचा ध्वनी केवळ आतल्या यंत्रणेवर नव्हे, तर तो डोक्यावर कसा बसतो यावरही अवलंबून असतो, हे सूत्र पुढील शंभर वर्षांत पुनःपुन्हा सिद्ध झाले.

हा आरंभीचा हेडफोन संदेश समजण्यापुरता होता. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल १९३७ मध्ये पडले. बर्लिन येथील ऑयगेन बायर यांच्या कंपनीने ‘डीटी ४८’ हा हेडफोन बाजारात आणला. चुंबकीय क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला पडदा, हे लाऊडस्पीकरचे तत्त्व त्यात कानाजवळ आणले गेले. बहुसंख्य हेडफोन एकविसाव्या शतकातही याच तत्त्वावर चालतात.

उघडी पाठ आणि बंद पाठ

१९५८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी ‘एसपी-३’ हा स्टिरिओ हेडफोन सादर केला. तो मुळात एका सुवाह्य ग्रामोफोनचा जोडभाग होता. परंतु ग्रामोफोन मागे पडला आणि हेडफोनच लोकप्रिय झाला. घरी बसून एकट्याने संगीत ऐकण्याची सवय येथून रुजली. याउलट, १९६८ मध्ये जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला. पडद्यामागची हवा मोकळी सोडल्याने वाटीतील घुमारा नाहीसा झाला आणि वजनही घटले. या हेडफोनची एक कोटीहून अधिक विक्री झाली. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीस आणला, तेव्हा त्यासोबतचा हलका हेडफोनही उघड्या धाटणीचाच होता. संगीत रस्त्यावर आले, पण रस्त्याचा गोंगाटही त्यात मिसळला.

या पार्श्वभूमीवर बंद पाठीच्या सुवाह्य हेडफोनचे महत्त्व लक्षात येते. सोनीचा घडी घालता येणारा ‘एमडीआर-व्ही६’ १९८५ मध्ये आला आणि त्याच घराण्यातील ‘एमडीआर-७५०६’ १९९१ मध्ये आला. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण क्षेत्रांत ही जोडी दीर्घकाळ टिकली. झेनहायझरचा ‘एचडी २५’ हा १९८८ चा. केबल वगळता त्याचे वजन सुमारे १४० ग्रॅम होते. दुभंगणारी पट्टी, एका कानावरून मागे फिरविता येणारी वाटी आणि प्रत्येक भाग सुटा बदलण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये होत. गोंगाटातही तो उपयोगी पडत असल्याने प्रक्षेपक आणि डीजे यांच्यात तो रूढ झाला. भाग सुटे मिळू लागल्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती दुरुस्तीबरोबरच फेरफाराचेही साधन आले.

फेरफारांमागील शास्त्र

बंद वाटीतील फेरफार समजून घेण्यासाठी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे कान आणि पडदा यांमधील पोकळी. ही पोकळी हवाबंद असेल तरच खर्जाचे स्वर पूर्ण दाबाने कानाशी पोहोचतात. चष्म्याची काडी, दाट केस किंवा झिजलेली गादी यांमुळे फट राहिली, की सर्वप्रथम खर्ज नाहीसा होतो. दुसरी गोष्ट पडद्यामागील पोकळी. ती जितकी लहान, तितकी तिच्यातील हवा स्प्रिंगप्रमाणे ताठ होते. शिवाय वाटीच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींमुळे अनुनाद निर्माण होतो आणि मधल्या पट्टीतील काही स्वर फुगल्यासारखे वाटतात. तिसरी गोष्ट वाटीचे स्वतःचे कंपन.

या तीन दोषांवर तीन प्रकारचे उपाय रूढ झाले : गादी बदलणे, वाटीत कापूस किंवा नमदा भरणे, आणि वाटीला आतून वजनदार मातीचा लेप देणे. यांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फोस्टेक्स या जपानी कंपनीचा ‘टी ५० आरपी’ हा हेडफोन. तो सुवाह्य नव्हे, स्टुडिओसाठीचा. परंतु माफक किंमत आणि सहज उघडता येणारी वाटी यांमुळे हौशी श्रोत्यांनी त्यावर असंख्य प्रयोग केले. पुढे अमेरिकेत डॅन क्लार्क यांनी त्याचीच सुधारित आवृत्ती विकण्यास प्रारंभ केला आणि त्यातून स्वतंत्र हेडफोन बनविणारी कंपनी उभी राहिली. हौशी फेरफारातून उत्पादक निर्माण होण्याचे, बाल्डविनच्या परंपरेशी नाते सांगणारे हे उदाहरण आहे.

तथापि या उपायांना मर्यादा आहेत. मूठभर कापूस उच्च आणि मध्य स्वरांच्या लहरी शोषतो, खर्जाच्या दीर्घ लहरींवर त्याचा परिणाम अल्प होतो. जाड गादी आरामदायक असली तरी ती कान आणि पडदा यांतील अंतर बदलते व मूळचा समतोल बिघडवू शकते. फेरफार म्हणजे सुधारणाच, असे समीकरण मांडता येत नाही. तसे ते ठरण्यासाठी तुलनेची विश्वसनीय पद्धत आवश्यक ठरते.

तुलनेची कसोटी

हेडफोनची तुलना फसवी असते. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले, की आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि उच्च स्वरांची जाणीवही बदलते. त्यामुळे दोन हेडफोनपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच अधिक भरदार भासतो. शिवाय वजन आणि स्पर्श यांवरून श्रोता कोणता हेडफोन डोक्यावर आहे हे ओळखतो. किंमत आणि नाममुद्रा यांचा प्रभाव त्याच्या निर्णयावर पडतो. आपण स्वतः बदललेल्या साधनाबाबत तर हा पक्षपात अधिकच संभवतो.

१९८६ मध्ये जर्मनीतील ग्युंटर टाइले यांनी स्टुडिओतील हेडफोनसाठी प्रमाण ध्वनिआलेख असावा अशी मांडणी केली. २०१२ नंतर हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचे ध्वनिआलेख ऐकविण्याची पद्धत वापरली. वजन आणि स्पर्श यांचा भेद त्यामुळे नाहीसा झाला. बहुसंख्य श्रोत्यांना चांगल्या खोलीतील चांगल्या लाऊडस्पीकरसारखा समतोल पसंत पडतो, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे अभ्यासून ध्वनिआलेख आणि किंमत यांत परस्परसंबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. टिकाऊपणा, आराम किंवा घडण यांविषयी तो काही सांगत नाही. परंतु महाग म्हणजे सुश्राव्य, या समजुतीचा आधार तो काढून घेतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की बंद पाठीच्या हेडफोनचा इतिहास हा केवळ कंपन्यांच्या नव्या उत्पादनांचा इतिहास नाही. बाल्डविनच्या पट्टीपासून हौशी श्रोत्याच्या नमद्यापर्यंत, हे साधन वापराच्या अनुभवातून घडत आले. मात्र अनुभवाला मोजमापाची आणि निःपक्षपाती तुलनेची जोड मिळाली तेव्हाच खरी सुधारणा आणि भास यांतील फरक कळू लागला.

या निष्कर्षाला आरोग्याचीही एक बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही श्रवणाची मर्यादा आहे. कानावर नीट बसणारा बंद हेडफोन गोंगाट रोखत असल्याने आवाज वाढविण्याची गरज कमी होते. गादी झिजली की श्रोता नकळत आवाज वाढवितो. महाविद्यालयांच्या भाषा प्रयोगशाळांत हेडफोन खरेदी करताना किंमत आणि नाममुद्रा यांपेक्षा गादीची बंदिस्ती आणि सुट्या भागांची उपलब्धता पाहणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते. जुना हेडफोन निकालात काढण्यापूर्वी त्याची गादी बदलून पाहावी, हा या इतिहासाने दिलेला सर्वांत स्वस्त धडा होय.