पाकिटाची मागची बाजू : कुत्र्यांच्या तयार खाद्याचा इतिहास

कुत्र्यांसाठी कारखान्यात खाद्य बनवून विकण्याचा धंदा १८६०च्या सुमारास लंडनमध्ये सुरू झाला. त्याआधी हजारो वर्षे कुत्रा माणसाच्याच घासातला वाटेकरी होता. रोमन ग्रंथकार वॅरो याने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात राखणीच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली सातूची भाकरी द्यायला सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर शिळी भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून पुढे ठेवतात, तीच ही पद्धत. तिच्या जागी पाकीट आले आणि एक मोठा बदल झाला. कुत्रा काय खातो हे तोवर मालकाला डोळ्यांनी दिसत होते, ते आता दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून मानावे लागू लागले. तो शब्द खरा असावा म्हणून पुढच्या दीडशे वर्षांत जे नियम झाले, ते बहुतेक कुत्री आजारी पडल्यावरच झाले. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या मजकुरात हा सगळा इतिहास साठलेला आहे.

धंद्याचा मूळ पुरुष जेम्स स्प्रॅट हा अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा. वीज पडून इमारतींचे नुकसान होऊ नये म्हणून छपरावर बसवतात त्या सळया विकायला तो लंडनला आला होता. गोदीत खलाशी जहाजावरची कडक बिस्किटे टाकून देत आणि भटकी कुत्री ती मिटक्या मारत खात. हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि गोमांसाचा वाळवलेला अंश मिसळून त्याने ‘मीट फायब्रिन डॉग केक’ या नावाची बिस्किटे काढली. ती महाग होती आणि शिकारी व प्रदर्शनी कुत्री पाळणाऱ्या धनिकांसाठी होती. ते मांस नेमके कुठून येते, हे गुपितच ठेवले गेले. स्प्रॅटच्या कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली लंडनमध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले, ते आजही भरते. खाद्य विकणारा आणि कुत्र्यांच्या जातींची प्रतिष्ठा वाढवणारा यांचे नाते असे पहिल्यापासून जुळले.

कुत्र्याच्या शरीराला काय लागते, याचे शास्त्र मात्र या धंद्याबाहेर आणि कुत्र्यांच्याच जिवावर तयार होत होते. १८१६ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी यांनी कुत्र्यांना नुसती साखर आणि पाणी देऊन पाहिले. कुत्री महिनाभरात खंगून मेली. पोट भरले तरी नायट्रोजनयुक्त अन्नाशिवाय, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनांशिवाय, जीव तगत नाही हे त्यातून दिसले. एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये पिल्लांना घरात कोंडून ओटच्या लापशीवर वाढवले. त्यांची हाडे वाकली, मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे डी जीवनसत्त्वयुक्त तेल दिलेली पिल्ले मात्र धडधाकट राहिली. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या आहारावरच्या कुत्र्यांची जीभ काळी पडे. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेयेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायासिन, देऊन हा रोग बरा केला आणि त्याच उपायाने माणसांचा पेलाग्राही हटला. आज पाकिटावर ‘नायासिन’, ‘व्हिटॅमिन डी३’ असे शब्द घटकांच्या यादीच्या शेवटी सापडतात ते या प्रयोगांमुळे. अशी लांबलचक रासायनिक नावे पाहून बिचकण्याचे कारण नाही. ती नसती तर काळजी करावी लागली असती.

१९२२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी चॅपेल बंधूंनी ‘केन-एल रेशन’ या नावाने घोड्याचे मांस डब्यात भरून विकायला सुरुवात केली. मोटारी आणि ट्रॅक्टर आल्याने घोडे स्वस्त झाले होते. डबाबंद खाद्याचा हा जमाना दुसऱ्या महायुद्धाने थांबवला. पत्रा आणि मांस लढाईकडे वळल्यावर कारखानदारांना कोरड्या खाद्याकडे जावे लागले, आणि युद्ध संपल्यावरही गिऱ्हाइकाला कोरड्याचीच सवय राहिली.

याच काळात एका आजारी कुत्र्यामुळे आजारावर आहार ही कल्पना बाजारात आली. मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ आपल्या बडी नावाच्या जर्मन शेफर्डच्या आधाराने अमेरिकाभर फिरून मार्गदर्शक कुत्र्यांचा प्रचार करत. १९३९ मध्ये बडीची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. न्यू जर्सीतले पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी घरच्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी बेताचे प्रथिन आणि कमी मीठ असलेले अन्न शिजवले आणि काचेच्या बरण्यांत भरून पाठवले. वाटेत बरण्या फुटू लागल्या, तेव्हा हाताने चालवायचे डबे बंद करण्याचे यंत्र आणून ते डब्यांत भरावे लागले. १९४८ साली कॅन्सस राज्यातल्या हिल पॅकिंग कंपनीने हे अन्न बनवण्याचे काम घेतले. पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यायच्या आजच्या ‘रीनल’ खाद्यांची ही सुरुवात. ती औषधासारखीच असतात. निरोगी कुत्र्याला ‘जास्त चांगले’ म्हणून घालायची नसतात.

धोका मात्र नेहमी नवख्या पदार्थातूनच आला असे नाही. सगळ्यांत बोलका प्रसंग मैद्याचा आहे. १९२०च्या दशकापासून इंग्लंड-अमेरिकेत मैदा पांढराशुभ्र व्हावा म्हणून त्यावर ‘एजीन’ नावाचा वायू, म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइड, सोडत असत. पाव आणि कुत्र्यांची बिस्किटे दोन्ही याच मैद्याची. त्याच वर्षांत पाळीव कुत्र्यांमध्ये एक विचित्र आजार पसरला. शांत बसलेला कुत्रा एकाएकी भेदरून किंचाळत धावत सुटे, भिंतींवर आदळे, मग आचके देत पडे. कुणी जंतांना दोष दिला, कुणी उन्हाला, कुणी जातीला. १९४६ साली मेलनबी यांनीच एजीन लावलेल्या मैद्याचे अन्न कुत्र्यांना देऊन हे झटके आणून दाखवले, आणि साध्या मैद्याच्या अन्नावर ते येत नाहीत हेही दाखवले. अमेरिकेने १९४९ मध्ये एजीन बंद केला, ब्रिटनने १९५०च्या दशकात. माणसांना तो बाधतो असे सिद्ध झाले नव्हते. एका प्राण्यासाठी निर्धोक ठरलेली गोष्ट दुसऱ्यासाठी तशी असेलच असे नाही, एवढे मात्र पक्के झाले. घरातले चॉकलेट, द्राक्षे-बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल घातलेली मिठाई कुत्र्याला विषारी ठरते ती याच न्यायाने.

१९५७ साली रॅल्स्टन प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्यपदार्थांसाठी वापरले जाणारे एक्स्ट्रूडर यंत्र कुत्र्यांच्या खाद्यासाठी वापरले आणि आज ओळखीचा असलेला फुगीर दाणा जन्मला. पिठाचा लगदा उष्णतेने व दाबाने शिजतो, साच्यातून बाहेर पडताच फुगतो, कापला जातो, वाळतो. मग त्याच्यावर चरबी आणि चवीचे द्रावण फवारतात. कुत्रा पाकिटाच्या वासावर झेप घेतो तो या शेवटच्या फवाऱ्यामुळे. त्यामुळे ‘आमचा आवडीने खातो’ हा खाद्य चांगले असल्याचा पुरावा धरता येत नाही. फवारलेली चरबी खवट होऊ नये म्हणून परिरक्षक लागते. त्यातल्या इथॉक्सिक्विनबद्दल तक्रारी वाढल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याची मात्रा दशलक्ष भागांत १५० वरून ७५ वर आणायची विनंती उत्पादकांना केली. पुष्कळ कंपन्या आता टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, वापरतात.

‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द पाकिटावर दिसतात, पण त्यांचा अर्थ ठरवायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ ही संघटना १९०९ पासूनची. कुत्र्यांच्या पोषणाचे तिचे सविस्तर तक्ते १९९०च्या दशकात आले. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी शुष्क भागात किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के चरबी, तर वाढत्या पिल्लासाठी २२.५ आणि ८.५ टक्के, असे त्यांत आहे. युरोपात हेच काम ‘फेडियाफ’ ही खाद्य-उत्पादकांची संघटना करते. तक्त्याशी जुळणी करण्याऐवजी कंपनी खाऊ घालून चाचणी घेऊ शकते : किमान आठ कुत्री, सहा महिने फक्त तेच खाद्य, वजन आणि रक्ताची तपासणी. आठ कुत्री ही संख्या लहान आहे, हे खरे. तरीही पाकिटावर कुठल्या वयासाठी आणि कुठल्या प्रमाणाने ‘पूर्ण’, हे सांगणारे वाक्य आधी शोधावे. ते नसेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे.

शुष्क भाग हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. डब्यावर प्रथिने ८ टक्के आणि ओलावा ७८ टक्के लिहिले असेल, तर उरलेल्या २२ भागांपैकी ८ भाग, म्हणजे ३६ टक्के प्रथिने झाली. कोरड्या पाकिटावर २४ टक्के प्रथिने आणि १० टक्के ओलावा असेल तर हिशेब २७ टक्क्यांच्या आसपास येतो. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि त्यात पाणी धरलेले असते. ताजे चिकन सर्वांत वर आले तरी त्याचा मोठा भाग पाणीच असतो. यकृत-मूत्रपिंडासारख्या ‘बाय-प्रॉडक्ट’ना लोक नाके मुरडतात, पण कुत्र्यासाठी ते उत्तम अन्न आहे. नावातल्या शब्दांचेही अमेरिकेत गणित ठरलेले आहे : ‘विथ चिकन’ म्हणायला ३ टक्के चिकन पुरते, ‘चिकन डिनर’ला २५ टक्के लागते, आणि ‘चिकन फ्लेवर’ला चव जाणवण्यापुरते.

हा ‘प्रथिने’ शब्दच एकदा दगा देऊन गेला. योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिने आली, असा हिशेब जगभर रूढ झाला. मात्र ही पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिने नव्हे. मेलामाइन या प्लॅस्टिकच्या धंद्यातल्या रसायनात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. जेवढे मिसळले त्याच्या चौपट प्रथिने कागदावर वाढलेली दिसतात. १६ मार्च २००७ रोजी कॅनडातल्या एका उत्पादकाने ६ कोटींहून अधिक डबे आणि पाऊच परत मागवले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल निघाले. ही दोन्ही शरीरात एकत्र आली की मूत्रपिंडात खडे धरतात. कितीतरी कुत्री-मांजरे त्याने मेली. मालकांना दुसरा धक्का हा की स्वस्त आणि महाग, नव्वदहून अधिक वेगवेगळ्या नावांचे खाद्य एकाच उत्पादकाकडे भरले जात होते. त्या दिवसापासून ‘बनवणारा कोण’ हा प्रश्न ‘नाव काय’ याहून मोठा ठरला. दुसऱ्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीत हेच विष सापडले.

बुरशीची कथा याहून जुनी आणि आपल्या हवेला जवळची. १९५०च्या सुमारास अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्र्यांना यकृताचा गूढ रोग होऊ लागला; कारण न कळल्याने त्याला ‘हिपॅटायटिस एक्स’ म्हणत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीवरचे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि अस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन उजेडात आले. कुत्र्यांचा तो रोगही त्याचाच होता, हे मागाहून कळले. हे विष मका आणि शेंगदाण्यात धरते, दाणा शिजवताना पुरते नष्ट होत नाही, आणि चवीला किंवा डोळ्यांना कळत नाही. एफडीएने पाळीव प्राण्यांच्या खाद्यात अब्जात २० भाग ही मर्यादा घातली, तरी २००५ च्या अखेरीस आणि २०२० मध्येही मक्यातल्या या विषाने अमेरिकेत कुत्री दगावली. म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीतला मका तपासणारा कारखाना हीच खरी हमी, आणि कंपनीला तेवढा प्रश्न विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

धान्याच्या या बदनामीतून ‘ग्रेन-फ्री’ खाद्य लोकप्रिय झाले. त्यात धान्याऐवजी वाटाणे, मसूर, हरभरे आणि बटाटे आले. जुलै २०१८ मध्ये एफडीएने अशा खाद्यावरच्या कुत्र्यांमध्ये हृदय पसरट होण्याचे आजार नोंदवले जात असल्याचे जाहीर केले. नेमके कारण अजून सिद्ध झालेले नाही, पण धान्याची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याला धान्य तोडायची गरज नाही, इतका निष्कर्ष काढायला हरकत नाही. धान्य टाळल्याने कुत्रा अधिक नैसर्गिक होतो, ही समजूत जाहिरातीतून आलेली आहे.

भारतात कायद्याची स्थिती वेगळी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘अन्न’ म्हणजे माणसाचे अन्न. पशुखाद्य त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेले आहे. भारतीय मानक ब्युरोचे कुत्रे-मांजरांच्या खाद्याचे मानक आयएस ११९६८ या क्रमांकाने आहे. पण अन्न सुरक्षेचा कायदा या खाद्याला लागू नाही, म्हणून भारतीय पाकिटावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीचा क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख आणि बॅच क्रमांक वाचण्याला अधिक महत्त्व येते. पुण्या-मुंबईच्या दुकानांत वीस किलोचे पोते फोडून दाणे सुटे, किलोवर विकले जातात. त्या पारदर्शक पिशवीवर यापैकी काहीच नसते, आणि पावसाळ्यात उघड्या पोत्याला दमट हवा चार दिवसांत लागते. चरबी खवट होते, बुरशीला जागा मिळते. घरी आणलेले खाद्य मूळ पिशवीतच तोंड घट्ट बांधून, पिशवीसकट डब्यात ठेवले तर कंपनीने माल परत मागवल्याची बातमी आल्या दिवशी बॅच क्रमांक हाताशी असतो.