चंद्रकांत कुलकर्णी : रंगमंचाकडून पडद्याकडे

नाटक, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत वावरलेले दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांची जडणघडण औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) हौशी रंगभूमीवर झाली. लेखक प्रशांत दळवी व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी येथे 'जिगीषा' ही नाट्यसंस्था उभी केली. पुढे ही मंडळी मुंबईत गेली. एकट्यादुकट्या कलावंताऐवजी गटच्या गट जाण्याचे असे उदाहरण विरळाच.

दळवींचे 'चारचौघी' (१९९१) गाजले. १९९४ मध्ये महेश एलकुंचवार यांची 'वाडा' नाट्यत्रयी त्यांनी सलग नऊ तासांच्या प्रयोगात सादर केली.

'बिनधास्त' (१९९९) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यात प्रमुख भूमिका स्त्रियांच्याच होत्या. त्यानंतर 'कायद्याचं बोला' (२००५) आणि 'तुकाराम' (२०१२) आले. दुखावलेल्या अंध गायकाला रातोरात घर मिळवून देऊ पाहणाऱ्या मुख्यमंत्र्याची कथा सांगणाऱ्या 'आजचा दिवस माझा' (२०१३) या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पटकथा अर्थातच दळवींची. एका रात्रीत घडणाऱ्या या कथेची बांधणी नाटकासारखीच घट्ट आहे. चित्रपटात स्थिरावूनही कुलकर्णींनी रंगमंच सोडला नाही. २०२२ मध्ये नव्या संचात 'चारचौघी' पुन्हा रंगभूमीवर आले.