दिल्लीचे गुप्तवार्ता प्रमुख

७. दिल्लीचे गुप्तवार्ता प्रमुख : इंटेलिजन्स ब्युरोचे (आयबी) संचालक. स्वातंत्र्यानंतरचे पहिले संचालक टी. जी. संजीवी पिल्लई, त्यांच्यामागून भोलानाथ मलिक यांनी १९५० ते १९६४ हे पद सांभाळले. मलिकांच्या काळी परदेशी हेरगिरीही याच खात्याकडे होती. १९६८मध्ये ‘रॉ’ वेगळी झाल्यावर संचालकांकडे मुख्यतः देशांतर्गत काम उरले. त्यामुळेच ७ मे १९७०च्या भिवंडी दंगलीचा दोष लेखकाने त्यांच्या माथी मारला असावा; तो मात्र पटत नाही. कायदा-सुव्यवस्था राज्यघटनेनुसार राज्याच्या अखत्यारीत येते, आणि आयबीला अटकेचाही अधिकार नाही. आगाऊ सूचना देणे हे तर त्यांचे कामच, असा आक्षेप घेता येईल. परंतु भिवंडीत जे घडू पाहत होते ते हुडकून काढायला हेर लागत नव्हते. शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून शहरात आधीपासून तेढ होती, आणि त्या दिवशी लाठ्यांना झेंडे बांधलेले जथे भररस्त्यात चालत होते. न्या. डी. पी. मादन आयोगाचा ठपकाही मिरवणुकीतल्या चिथावणीवर आणि पोलीस तपासातल्या पक्षपातावर आहे. उणीव माहितीची नव्हे, तिच्यावर कारवाई करण्याची होती. आणि ती जबाबदारी ठाणे-मुंबईची ठरते.