बहात्तरचा दुष्काळ आणि आपली साखर

साखरेच्या आजाराचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "मी तर काटकुळी, मला कशाची साखर? तो जाडजूड माणसांचा आजार." हे खरं नाही. का नाही, ते बघायला १९७२च्या दुष्काळात जावं लागेल.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बाया खडी फोडायला गेल्या. मे १९७३मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खायला सुकडी आणि रेशनची लाल मिलो. जुन्या बाया मिलोचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. पोटुशा बायाही त्याच उन्हात होत्या. त्यांच्या पोटातली लेकरं आता पन्नाशी ओलांडून गेलीत.

आईच्या उपासाचं लेकराच्या अंगात काय होतं, हे पुढं आपल्याच राज्यात कळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथं बाळाचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडातल्या साउदम्प्टन गावची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. वरून बारीक, आतून चरबी. असं शरीर पुढं साखर नीट जिरवू शकत नाही. सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण धोका वाढतो. त्या गावांतली पोरं अठरा वर्षांची झाली तेव्हा कित्येकांची साखर वाढलेली निघाली, आणि त्यांत लठ्ठ थोडेच होते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. आणि आपल्याकडं भाजी शेवटी जेवणारीच्या ताटात उरते किती, हे तुम्हीच सांगा.

मधल्या काळात रेशनला गहू-तांदूळ आला, रानात सोयाबीन आलं, ज्वारी मागं पडली. दिवसातून चार वेळा गोड चहा आला. म्हणून ज्वारी परत आणायची, पण "भाकरीनं साखर वाढत नाही" हे खोटं. पीठ ते पीठच. दोनाऐवजी एक भाकरी, सोबत मटकीची उसळ नाहीतर वाटीभर मेथी, जेवल्यावर थोडं चालणं. गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि बारीक असलात तरी तिशीनंतर आरोग्य केंद्रात साखर तपासायची. गरोदर लेकी-सुनांची तर नक्कीच.

भाजी आणायची कुठून? आपल्याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतला. त्यात ज्वारी, डाळी, भाज्या लावल्या, आधी घरात खायला आणि उरलं तर बाजारात. २०१६मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकर नसेल तर न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन वाफे होतात. या आठवड्यात मेथी टाकली तर महिन्याभरात खुडायला येते.